पाळ, पाणी आणि पुरावा : झाडीपट्टीतल्या उथळ पाण्यातल्या मासेमारीचा इतिहास

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी एका नेहमीच्या श्रोत्याचा मला फोन आला. ते म्हणाले, "सर, उथळ पाण्यातली, काठावरची मासेमारी म्हणजे खाडी, खाजण, कांदळवन. तुम्ही बोलणार चंद्रपूर-गडचिरोलीवर. तिथे समुद्र कुठंय?" प्रश्न बरोबर आहे. तिथून समुद्र शेकडो मैल लांब आहे. पण मी त्यांना म्हटलं, समुद्र नाही, पण भरती आहे. फक्त ती दिवसातून दोनदा येत नाही, वर्षातून एकदा येते.

हे नीट कळावं म्हणून आधी दोन मिनिटं किनाऱ्यावर जाऊ. कोकणातल्या खाडीत मासे धरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय ठाऊक असतं? पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार. उधाण आहे की भांग आहे. भरतीबरोबर मासा उथळात चरायला येतो, ओहोटीबरोबर चिंचोळ्या वाटेने परत जातो, आणि जाळं लावायचं ते त्या वाटेवर. गोव्यातल्या खाजणात बांधाला दार असतं, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला मानशीतून पाणी बाहेर पडतं आणि त्याच्या तोंडाशी जाळं धरलेलं असतं. ही मासेमारी करण्याच्या हक्काचा पूर्वीपासून लिलाव होत आला. जोवर लिलाव करणारे आणि खाजणात भात लावणारे एकच गावकरी होते, तोवर हे चाललं. पुढे ठेका घेणाऱ्याचा भाताशी संबंध उरला नाही तिथे काय झालं? जास्त मासे मिळावेत म्हणून दार हवं तेव्हा उघडं ठेवायचं, खारं पाणी आत घ्यायचं. मासे वाढले, शेतं खारावली. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता झाडीपट्टीत येऊ. चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके, आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता, पूर्वी चांदा म्हणून ओळखला जाणारा. पाऊस बाराशे ते पंधराशे मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पीक भाताचं. आणि भातासाठी तलाव. भंडारा-गोंदिया धरून पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव', बोलण्यात त्याचं झालं 'मामा तलाव'. ऐकायला गंमत वाटते, पण त्या 'माजी' शब्दातच अर्धा इतिहास आहे.

या तलावांबद्दल तुम्ही वाचलं असेल तर ते बहुतेक सिंचनाबद्दल वाचलं असेल. गोंड राजांनी तलाव बांधायला उत्तेजन दिलं, जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन, अशी परंपरा सांगतात. मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याचा सेटलमेंट अहवाल लिहिला, त्यातही गोंड राजांच्या या धोरणाची वाखाणणी आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं कसब फार मोठं. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखणारी माणसं. हे सगळं खरं आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मला एक तक्रार करायची आहे, आणि ती आम्हा इतिहास लिहिणाऱ्यांबद्दलच आहे. आम्ही तलाव पाहिला तो पाळीवर उभं राहून, शेताकडे तोंड करून. पाठीमागे पाण्यात कोण उभं आहे, हे वळून बघितलं नाही.

पाण्यात ढिवर उभा होता. ढिवर, केवट, भोई, कहार अशी वेगवेगळी नावं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात 'ढीमर' या नावाखाली त्यांची नोंद आहे. मासे धरणं, पालखी वाहणं, पाणी भरणं, शिंगाड्याची लागवड करणं, अशी कामं तिथे दिली आहेत. सगळी कामं पाण्याची किंवा खांद्याची. पण मासे धरतात म्हणजे नेमकं काय करतात, कोणत्या महिन्यात, तलावाच्या कोणत्या भागात, हे असल्या नोंदींत सापडत नाही. नोंद करणाऱ्याला त्याची गरज नव्हती. माशावर सारा नव्हता.

तलावाची रचना डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मातीची पाळ, बहुधा कमानीसारखी वळलेली. पाळीच्या पोटाशी पाणी खोल. शेताला पाणी सोडायचं दार पाळीतच, त्याला तुडूम म्हणतात. जास्तीचं पाणी जायला एका टोकाला सांडवा. आणि पाळीच्या समोरची बाजू? तिथे काहीच नाही. तिथे जमीन हळूहळू चढत जंगलाला किंवा गावाला भिडते. पाणी किती लांब पसरणार हे त्या वर्षीच्या पावसावर. ऑक्टोबरात जिथे गुडघाभर पाणी, तिथे फेब्रुवारीत चिखल, आणि एप्रिलमध्ये गुरं चरतात किंवा गाळपेर होते. त्या पट्ट्यात देवधान उगवतं, म्हणजे रानटी भात. लव्हाळा, कमळ, पाण्याखालची वनस्पती. खाडीकाठच्या दलदलीला जी जागा आहे, तीच इथे या पट्ट्याला. सगळं चरणं, लपणं, अंडी घालणं तिथे चालतं. मी म्हटलं ती वर्षातून एकदा येणारी भरती म्हणजे हीच.

मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावी एका ढिवर आजींकडे काही दिवस जात होतो. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मी वही घेऊन गेलो होतो आणि मोठ्या ऐटीत पहिला प्रश्न विचारला, "आजी, तुम्ही मासे कसे धरता?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोनत्या मासोळीचं इचारता भाऊ? अन् कोनत्या महिन्यातलं?" माझा प्रश्न किती बिनबुडाचा होता हे मला तेव्हा कळलं. 'भात कसा पिकवता' असं एका वाक्यात उत्तर मागण्यासारखं ते होतं.

तर महिन्यांनी जाऊ. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, ओढे तलावाकडे धावायला लागले, की मासा उलट्या दिशेने निघतो. चढणीचे मासे आपण म्हणतो ते हेच. तलावातून ओढ्यात, ओढ्यातून बांधीत. भाताच्या बांधीत पाणी उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं, पिल्लांना याहून चांगली जागा नाही. यावेळी मासा आंधळा झाल्यासारखा चढतो, आणि एका रात्रीत टोपल्या भरतात. बांधाला जिथे खिंडार असतं तिथे बांबूचा सापळा लावायचा. पण आजींचं म्हणणं असं की जाणता माणूस सापळ्याचं तोंड चढणाऱ्या माशाकडे करत नाही, उतरणाऱ्याकडे करतो. चढणाऱ्या माशाच्या पोटात अंडी असतात. पाऊस ओसरून बांधी आटायला लागली की मासा परत फिरतो, तेव्हा धरा. सगळे हे पाळत होते का? नाही. आजींनीच सांगितलं की भुकेचं वर्ष असलं की कोणी काही पाळत नसे. पण नियम होता, आणि मोडणाऱ्याला आपण मोडतोय हे ठाऊक होतं.

भरल्या पावसाळ्यात मरळ मासा वनस्पतीत थोडी जागा साफ करून तिथे अंडी घालतो. मग जोडीने पिल्लांची राखण करतो. मरळीची पिल्लं लालसर रंगाची, पाण्याच्या वरच्या थरात गोळ्याने फिरतात. लांबूनही दिसतात. त्यांच्या खाली आई-बाप असणारच, म्हणजे गळ टाकायला याहून सोपी जागा नाही. तिथे गळ टाकायचा नाही, हाही नियमच.

हिवाळ्यात गोष्ट बदलते. सकाळी उथळ पाणी थंड पडलेलं असतं, मासा खोलात पाळीकडे. दुपारी ऊन लागलं की काठ तापतो आणि मासा काठाला येतो. म्हणून हिवाळ्यात काठावरचं फेकजाळं दुपारचं. उलट उन्हाळ्याच्या तोंडाशी, वारा पडलेला, आभाळ आलेलं, अशी रात्र गेली की पहाटे मासा पृष्ठभागावर तोंड काढतो. आज आपण सांगू की रात्रभर पाणवनस्पतींनी प्राणवायू वापरला, पाण्यात तो कमी झाला. आजी म्हणाल्या, "पानी दमते." दोन्ही एकच. फक्त आजींना ते शाळेशिवाय कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्या अंधारात उठून जाळं घेऊन निघत.

मरळ, मागूर, सिंगी या माशांची एक खुबी आहे, ते हवेतूनही श्वास घेतात. त्यामुळे इतर मासे मरतात त्या चिखलातही ते टिकतात. आणि त्याच खुबीमुळे सापडतात, कारण श्वासाला वर यावंच लागतं. बुडबुडा कोणता, लाट कोणती, हे ओळखणारी नजर लागते. एप्रिल-मे महिन्यात तर चिखलात पायाने चाचपून हाताने धरायचे. हे काम बहुतेक बायकांचं. पुरुष खोल पाण्यात जाळं घेऊन, बायका काठाला टोपली घेऊन, अशी वाटणी. सिंगीच्या कल्ल्यामागचा काटा विषारी असतो, लागला तर हात सुजतो. आजींच्या अंगठ्यावर तसली जुनी खूण होती. ती दाखवताना त्या हसत होत्या.

इथे थोडं आडवाटेला जातो. श्रोत्यांचा समुद्राचा आग्रह आहे ना, तर गोदावरीच्या खोऱ्यात समुद्राशी खरोखर नातं असलेला एक प्राणी आहे, नदीतला मोठा झिंगा. शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, १८४४ मध्ये मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दिलं. हा राहतो नदीच्या गोड्या पाण्यात, पण त्याच्या अगदी कोवळ्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं. ती मुखाकडे वाढतात आणि मग काठाकाठाने नदी चढू लागतात. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला. ही सलग पाण्याची वाट होती. तिच्यावर पहिला मोठा आडवा बांध घातला आर्थर कॉटनने, दौलेश्वरमला, १८४७ ते १८५२ या काळात. त्यानंतर वरच्या अंगाला एकामागून एक. १९८८ मध्ये वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची कोनशिला बसली. २०१९ मध्ये सिरोंच्याच्या समोर मेडीगड्डा बॅरेज सुरू झालं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. या धरणांनी कोणाची जमीन गेली, कोणाला पाणी मिळालं, याचे कागद निघाले, मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. पिल्लांच्या चढत्या वाटेचं काय झालं, हा प्रश्न तिथल्या मासेमारांशिवाय फारसा कोणी विचारला नाही. असो. तलावाकडे परत.

मालगुजारी ही व्यवस्था काय होती? १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावच्या सारा गोळा करणाऱ्या माणसाला गावाचा मालक ठरवलं. तो मालगुजार. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, अहेरीसारख्या भागात, जमीनदाऱ्या. गावच्या वहिवाटींची एक नोंद तयार झाली, तिला वाजिब-उल-अर्ज म्हणत. कोणाला कुठून लाकूड आणायचा हक्क, गुरं कुठे चारायची, तलावाचं पाणी कसं वाटायचं, अशा गोष्टी तिच्यात. याच वहिवाटींना निस्तार असा शब्द आहे, तो आजही चंद्रपूरच्या तहसील कचेरीत ऐकू येतो.

मालगुजार काही संत नव्हता, हे आधी सांगतो. आजकाल मामा तलावांवर लिहिताना मालगुजारी काळ म्हणजे रामराज्य असं रंगवायची पद्धत पडली आहे. ढिवरांच्या घरी विचारा. चांगला मासा आधी वाड्यावर जायचा. पाहुणा आला की पाणी भरायला ढिवर, डोली उचलायला ढिवर, आणि मजुरी मिळेलच असं नाही. पण एक गोष्ट होती. तलाव राखणं मालगुजाराच्या हिताचं होतं, त्याचा भात त्यावर होता. तलावात मासे धरणारा त्याच गावात राहत होता, त्याची मुलंही तिथेच मासे धरणार होती. पाळ फुटली तर दोघांचं नुकसान.

१९५० चा मालकी हक्क रद्द करण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावं, तलाव, पडीक जमिनी सरकारजमा झाल्या. व्हायलाच हवं होतं ते. पण तलावाचं काय झालं बघा. पाणी सिंचनाच्या खात्याकडे. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे. पोटातली जमीन महसुलाकडे, जंगलातला असेल तर वनखात्याकडे. आणि मासे? मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या धोरणाखाली, सहकारी संस्थेला ठेक्याने. तलाव एकच, पण त्याचे चार तुकडे चार टेबलांवर. पाळीवरचं झाड तोडायचं तर एका टेबलाची परवानगी, पाळ दुरुस्त करायची तर दुसऱ्याची.

सहकारी संस्था ही वाईट कल्पना नव्हती. ढिवरांच्या हातात पहिल्यांदा कागद आला, वाड्यावर मासा पोचवायची सक्ती गेली. पण सभासदांच्या यादीत बहुतेक नावं पुरुषांची. काठाला टोपली घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांची मासेमारी कागदावर अस्तित्वातच नव्हती. आणि ठेका आला म्हणजे ठेक्याची रक्कम आली, मुदत आली. मुदतीच्या आत रक्कम वसूल करायची असेल तर मासा लवकर वाढणारा हवा.

नेमका तोच मासा याच काळात उपलब्ध झाला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांची वीण घडवून आणली. ही खरोखर मोठी गोष्ट. आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. कतला, रोहू, मृगळ हे मोठ्या वाहत्या नद्यांचे मासे, साध्या साचलेल्या तळ्यात ते सहसा विणत नाहीत. आता त्यांचं बीज हवं तितकं तयार करता येऊ लागलं. देशाला स्वस्त मासा मिळाला. पण गावच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की बीज दर वर्षी विकत आणायचं. मरळ, मागूर, सिंगी आणि बारक्या मासोळ्या आपापल्या विणत होत्या, फुकट. कतल्यासाठी पैसे काढा, सोडा, राखा, विका.

राखायचं कोणापासून? मरळीपासून. मरळ बीज खाते. म्हणून तळ्यात बीज सोडायच्या आधी 'नको असलेले' मासे काढून टाका असा शास्त्रीय सल्ला दिला जाऊ लागला, आणि त्यासाठी शिफारस झाली मोहाच्या ढेपेची. मोहाच्या बियांतून तेल काढल्यावर उरते ती ढेप. पाण्यात टाकली की माशांना विष. प्रमाणही ठरलेलं आहे, एक हेक्टर पसरलेल्या, एक मीटर खोल पाण्याला साधारण अडीच हजार किलो. आता ही गंमत बघा. मोह म्हणजे झाडीपट्टीतला देव. वनस्पतींचं विष वापरून डोहातले मासे धरणं आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि इंग्रज सरकारने १८९७ च्या मत्स्य कायद्यात विष घालून मासे मारणं गुन्हा ठरवलं होतं. साठ-सत्तर वर्षांनी तेच विष तळं 'साफ' करण्याचा उपाय म्हणून पुस्तकात आलं. ज्या मरळीच्या पिल्लांवर गळ टाकायचा नाही असा नियम होता, ती मरळ आता उपद्रवी माशांच्या यादीत गेली. मी शास्त्रज्ञांना दोष देत नाही. शेततळ्यासाठी तो सल्ला योग्यच आहे. पण मामा तलाव म्हणजे शेततळं नव्हे.

काठाचंही तेच. देवधान, कमळ, पाणवनस्पती जाळ्याला अडतात म्हणून काढा. पाळीवर आणि उथळात बेशरम वाढली, ती मात्र कोणीच काढली नाही, कारण ते कोणाचंच काम नव्हतं. गोव्यातल्या मानशीची गोष्ट आठवतेय ना? दार ज्याच्या हातात, त्याचा शेताशी संबंध नाही. इथे ठेका ज्याच्या हातात, त्याचा काठाशी संबंध नाही. कधी कधी तर ठेका नावाला संस्थेचा आणि पैसा बाहेरच्या व्यापाऱ्याचा. दोन्ही ठिकाणी आधी गेली ती मधली ओली पट्टी.

शेजारच्या भंडारा-गोंदियात याच्या उलट दिशेने काही काम झालं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाबरोबर बसून तलावांतल्या मासोळ्यांची आणि वनस्पतींची स्थानिक नावं, सवयी, जागा यांची नोंद केली. बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यात बायकांनी पुढाकार घेतला. माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती नोंद. का, ते आता सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचं खरं कारण तिथे आहे.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्कांत पाण्यातले मासे आणि इतर उत्पादनं स्पष्ट लिहिली आहेत. त्याच कलमाच्या (ख) उपकलमात निस्तार शब्द आहे, आणि जमीनदारीसारख्या जुन्या व्यवस्थांतल्या वहिवाटींचाही उल्लेख आहे. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्या काही गावांत त्याची गणना होते. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो गावांनी दावे केले. बहुतेक बोलणं झालं बांबू आणि तेंदूपत्त्याचं. वनजमिनीत येणारे तलाव, बोड्या, नदीचे डोह यांतल्या माशांवरही हक्क सांगता येतो, हे कमी गावांनी वापरलं.

आणि इथे ढिवरांची अडचण येते. गोंड, माडिया अनुसूचित जमातीत आहेत. ढिवर भोई समाजाबरोबर महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे कायद्याच्या भाषेत 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, पिढी पंचवीस वर्षांची धरून पंच्याहत्तर वर्षं, आपण इथे राहतो आणि वनजमिनीवर पोट भरतो हे दाखवावं लागतं. म्हणजे १९३० च्या आधीपासून. ज्या समाजाच्या नावावर जमीन नव्हती, ज्याच्या धंद्यावर सारा नव्हता, ज्याच्या कामाची नोंद 'मासे धरतात' या दोन शब्दांपलीकडे गेली नाही, त्याने १९३० चा कागद आणायचा कुठून?

मी काही दाव्यांच्या फायली पाहिल्या आहेत. एका गावच्या फायलीत जुन्या बंदोबस्ताच्या नकला होत्या, शेतांचे नकाशे होते, तलावाचं क्षेत्रफळ होतं. माशांचा उल्लेख कुठेही नाही. मी स्वतः अभिलेखागारात पाच दिवस घालवले आणि मला एका वाजिब-उल-अर्जात तलावाच्या वहिवाटीचं अर्धं पान मिळालं. त्यात पाण्याच्या पाळ्या होत्या. माशांबद्दल एक ओळ. मी परत येऊन गावात ती ओळ वाचून दाखवली तेव्हा आजी म्हणाल्या, "येवढंच? तुमाले लिवनाराले येवढंच दिसलं?"

पण कायद्याच्या नियमांत एक दार उघडं आहे, आणि ते पुष्कळांना माहीत नसतं. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटिअर, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आहेत, आणि त्याच यादीत, त्याच दर्जाने, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचं लेखी उतरवलेलं निवेदनही आहे. एकाहून जास्त पुरावे जोडायचे. म्हणजे वाजिब-उल-अर्जातली ती एक ओळ आणि तिच्या जोडीला आजींचं सांगणं.

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. निवेदन कसं लिहायचं? मी पाहिलेल्या बहुतेक निवेदनांत एकच ठरावीक वाक्य असतं, 'आम्ही पूर्वापार या तलावात मासेमारी करत आलो आहोत.' हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. असलं वाक्य कोणीही कोणत्याही तलावाबद्दल लिहू शकतो, आणि समितीला तो संशय येतोही. पण मृगात मासा कोणत्या ओढ्याने चढतो, कोणत्या बांधीच्या खिंडारात सापळा लागत असे, भरल्या पावसात मरळ कुठे विणते, एप्रिलमध्ये शेवटचा डबका कोणत्या कोपऱ्यात उरतो, त्या कोपऱ्याला काय नाव आहे, तो कोणत्या घराच्या वाट्याला होता, आणि कोणत्या साली ठेकेदाराने तिथे यायला बंदी केली, हे फक्त ज्याची हयात तिथे गेली तोच सांगू शकतो. ते बाहेरून बनवता येत नाही. ते नकाशावर तपासता येतं, शेजारच्या गावाकडून पडताळता येतं. अशा निवेदनाला मी पुरावा म्हणेन, आणि इतिहासकार म्हणून मी ते बंदोबस्ताच्या अहवालाच्या वर ठेवीन, कारण अहवाल लिहिणारा घोड्यावरून गेला होता.

यालाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. वनहक्क कायदा फक्त वनजमिनीला लागू. बरेचसे मामा तलाव महसुली जमिनीत आहेत, तिथे या कायद्याचा उपयोग नाही. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी लहान जलसाठ्यांबाबत गावाला काही अधिकार दिले आहेत, पण ब्रह्मपुरी किंवा नागभीडसारख्या भागात तेही चालत नाही. तिथे ठेकाच. आणि दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. गावात ढिवर थोडे, बाकीचे जास्त. ग्रामसभेला हक्क मिळाला तर त्यात ढिवरांचा वाटा कोण ठरवणार? जी ग्रामसभा वर्षानुवर्षं ढिवर बायकांचं ऐकत नव्हती ती हक्क मिळाल्यावर ऐकेल असं गृहीत धरू नये. मी अशा दोन सभांना बसलो आहे. एकीत चांगलं झालं, दुसरीत भांडण.

आजींचं निवेदन आम्ही लिहून घेतलं. तीन दुपारी गेल्या. लिहिणारी मुलगी त्यांच्याच गावची, बारावी झालेली. पहिल्या दिवशी तिने शुद्ध भाषेत लिहिलं, आजींना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हे मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्याच बोलीत लिहिलं. तलावाच्या उथळ बाजूची सात नावं निघाली, सात वेगळ्या जागांची. त्यातल्या दोन जागा आता बेशरमीखाली आहेत, मुलीने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी आजी आम्हाला पाळीवर घेऊन गेल्या आणि काठीने जागा दाखवत गेल्या. मे महिना होता, पाणी पार पाळीशी आलेलं. मुलीने कागदावर हाताने नकाशा काढला, त्यावर नावं लिहिली. आजींनी खाली अंगठा दिला, त्याच खुणेच्या अंगठ्याचा. मग म्हणाल्या, "यात पान्याचं लिवलं, मासोळीचं लिवलं. मी कोनत्या साली लगन होऊन आली ते लिवलं का?" लिहिलं नव्हतं. मग तेही लिहिलं, कारण त्यावरूनच साल लागत होतं.

दाव्याचं काय होईल ते अजून ठरायचं आहे, फाईल उपविभागीय समितीकडे आहे. माझी वेळ संपत आलीय. प्रश्न असतील तर आता घेऊ, आणि ज्यांच्या गावात मामा तलाव आहे त्यांनी आधी हात वर करा, मला तुमच्याकडच्या उथळ काठाची नावं हवी आहेत.